वीस मार्कांचं जागतिकीकरण

डिसेंबर-जानेवारी आला की आमच्या स्टाफरूममधलं कपाट बंद होत नाही. बारावीच्या प्रकल्पांच्या फायली! वर चमकीची लेस, आत रंगीत पेनाने मारलेल्या रेघा, पहिल्या पानावर 'ऋणनिर्देश' (प्राचार्यांपासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार) आणि दुसऱ्या पानापासून गाईडमधला मजकूर. मी मेहकरला कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. एका वर्षी सहज मोजलं, तर एकोणतीस फायलींची सुरुवात एकाच वाक्याने होती: "आज जग हे एक खेडे बनले आहे."

खेड्यात राहणाऱ्या पोरांनी हे वाक्य उतरवून काढावं याची आधी गंमत वाटली, मग वाईट वाटलं. यातली निम्मी मुलं सकाळी एस.टी.ने नाहीतर कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून येतात. दिवाळीच्या सुट्टीत सोयाबीन सोंगतात. मोठा भाऊ चाकणला किंवा रांजणगावला कंपनीत असतो. जागतिकीकरणाबद्दल मला सांगण्यासारखं यांच्याकडे पुष्कळ आहे, आणि मी मात्र त्यांच्याकडून गाईडमधलं वाक्य घेऊन त्यावर लाल पेनाने बरोबरची खूण करतोय.

दोष गाईडचा नव्हता. मी प्रश्नच तसा दिला होता.

२०२० साली बारावीच्या राज्यशास्त्राचं नवं पुस्तक आलं. पहिलं प्रकरण १९९१ नंतरच्या जगावर आणि त्याला लागूनच जागतिकीकरण. पुस्तक वाईट नाही. पण ते वाचून मुलांच्या डोक्यात एक चित्र घट्ट बसतं: १९९१ पर्यंत आपण आपले सुखाने घरात बसलो होतो, मग कुणीतरी दार उघडलं आणि जग आत आलं. त्यानंतर फायदे पाच, तोटे पाच. उपसंहार. शिक्षकाची सही.

म्हणून २०२१ साली, शाळा-कॉलेजं नीट सुरू झाल्यावर, मी वर्गात सांगितलं की यंदा गाईड बंद, लेस बंद. प्रत्येकाने घरातल्या किंवा गल्लीतल्या एका माणसाची मुलाखत घ्यायची. विषय जागतिकीकरण आणि सामाजिक बदल. मला वाटलं, फार मोठा तीर मारला!

पहिल्या वर्षीच्या मुलाखती भयंकर होत्या. प्रश्न: जागतिकीकरणाचा तुमच्या जीवनावर काय परिणाम झाला? उत्तर: चांगला झाला. प्रश्न: काही तोटे? उत्तर: मोबाइलमुळे पोरं बिघडली. एका आजीने तर नातवालाच विचारलं, "कोण्या गावचं हाये रे ते?" त्याने प्रामाणिकपणे तेवढंच लिहून आणलं होतं. त्या वर्षीची सगळ्यात चांगली मुलाखत तीच, असं मला आजही वाटतं.

मग नियम बदलला. 'जागतिकीकरण' हा शब्द मुलाखतीत उच्चारायचा नाही. 'परिणाम' आणि 'मत' हेही शब्द नाहीत. एक वस्तू धरायची. ज्वारी, लुगडं, रेडिओ, तणनाशकाचा डबा, काहीही. ती घरात पहिल्यांदा कधी आली, कुणी आणली, कितीला आणली, तिच्याआधी काय वापरत होते आणि ती आल्यावर कुणाचं काम गेलं किंवा वाढलं, एवढंच विचारायचं. बस्स. आणि सांगणारा जसं बोलेल तसंच लिहायचं, पुस्तकी मराठीत 'सुधारायचं' नाही.

दुसऱ्या वर्षी फायली पातळ आल्या, पण मी त्या घरी नेऊन रात्री दोनपर्यंत वाचत बसलो.

एका मुलीने आजीला ज्वारीबद्दल विचारलं होतं. आजी बोलली ती बहात्तरच्या दुष्काळाबद्दल. "खडी फोडाले जात होतो. तवा लाल ज्वारी खाल्ली आमी. मिलो म्हनत तिले. अमेरिकेतून आलती म्हने. भाकर थापली की तुटे, पन खाल्ली." मुलीने कंसात लिहिलं होतं: सर, आजीला अमेरिका माहीत आहे हे मला माहीत नव्हतं.

हे वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. १९७२! पुस्तकातलं दार उघडायला अजून एकोणीस वर्षं आहेत आणि मेहकर तालुक्यातली एक बाई अमेरिकेतून जहाजाने आलेल्या धान्याची भाकरी थापते आहे. मिलो म्हणजे तिकडची तांबडी ज्वारी. त्या दुष्काळात महाराष्ट्रात ती गावोगाव वाटली गेली, सुकडीसारखीच ती त्या पिढीच्या जिभेवर राहिली आहे. त्याच्याही आधी, पन्नास-साठच्या दशकांत, पीएल-४८० कराराचा अमेरिकन गहू येत होता. आपल्या बांधावरचं गाजर गवत त्या गव्हाबरोबर आलं असं मानलं जातं. म्हणजे धुऱ्यावर उभं राहून पोराला सर्दी-खाज होते, तेही बाहेरूनच आलेलं!

दुसऱ्या दिवशी वर्गात नकाशा काढला. पीएल-४८० काय, धान्याच्या मदतीचं राजकारण काय, हरित क्रांतीची घाई का झाली, हे सगळं त्या एका भाकरीवरून शिकवून झालं. एरवी याच तासाला मागच्या बाकावर झोपलेली पोरं असतात.

दुसरी एक मुलाखत कापसाची होती. आजोबा शेतकरी संघटनेचे जुने कार्यकर्ते, लाल बिल्ला अजून जपून ठेवलेला. नातवाला वाटलं होतं की आजोबा जागतिक बाजाराला शिव्या घालतील. आजोबा म्हणाले, "कापूस आपला, पन इकाचा सरकारलेच. गाडी घेऊन दोन-दोन दिवस रांगेत. पैशे हप्त्याहप्त्यानं. राज्याबाहेर नेला त चोर. मंग डंकेलचं आलं तवा आमी म्हनलं, येऊ द्या."

ज्यांना हा काळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९७२ पासून कितीतरी वर्षं महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. कापूस सरकारी खरेदीकेंद्रावरच घालायचा, व्यापाऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. डंकेल प्रस्तावाच्या वेळी देशभर विरोध चालू होता, तेव्हा शरद जोशींनी त्याची उघड बाजू घेतली होती. शेतकऱ्याला बाजार मोकळा हवा, हे त्यांचं म्हणणं. आता या आजोबांना गाईडच्या कुठल्या रकान्यात टाकायचं, फायद्यात की तोट्यात? त्यांच्या नातवाने विचारलंच, "मग आजोबा, बाजार मोकळा झाल्यावर चांगलं झालं का?" आजोबांचं उत्तर त्याने जसंच्या तसं लिहिलं आहे: "मोकळा झाला कुठं? आमचा भाव वाढला की बाहेरून माल आनतेत." या वाक्यावर एक अख्खा तास चर्चा झाली.

ते किती खरं होतं हे पुढे २०२५ च्या ऑगस्टात पोरांनी स्वतः पाहिलं. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं. त्याच महिन्यात केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. कापड गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून. आणि आमच्याकडे वेचणी नेमकी त्याच काळात. वॉशिंग्टन, दिल्ली आणि मेहकर तालुक्यातलं एखादं शेत एका ओळीत मांडायला मला काहीच कष्ट पडले नाहीत.

खरं तर कापसाच्या बाबतीत आपला जिल्हा जगाशी जोडला गेला त्याला दीडशे वर्षं होऊन गेली. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर गेली. १८७० साली खामगावचा रेल्वे फाटा उघडायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आला होता. खामगावच्या कापूस बाजारासाठी एवढा थाट! (आम्ही मेहकरकर अजून रेल्वेची वाट बघतोय. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. पण तो वेगळा विषय, आणि लिहायला बसलो तर रात्र पुरणार नाही.) पुढे त्याच शतकाच्या अखेरीला दोन मोठे दुष्काळ पडले, तेव्हा शेतात पांढरं सोनं होतं म्हणतात ते खाता आलं नाही.

आता एका 'नापास' मुलाखतीबद्दल सांगतो. मोमीन घरातली एक मुलगी. तिने आजोबांना कापडाबद्दल विचारायचं ठरवलं, कारण तिने कुठेतरी ऐकलं होतं की आपले पूर्वज विणकर होते. आजोबांना काहीच सांगता आलं नाही. त्यांनी माग पाहिलेला नव्हता, त्यांच्या वडिलांनीही नाही. मुलगी रडवेली होऊन आली, "सर, काहीच सापडलं नाही. दुसरा विषय घेऊ का?" मी म्हटलं, हेच लिही. मग आम्ही दोघांनी मिळून जुन्या गॅझेटियरमधला मेहकरचा मजकूर काढला. त्यात मेहकरचे मोमीन विणकर इतके सधन होते की गावाचा कोट त्यांनी आपल्या पैशाने बांधायला घेतला, असा उल्लेख आहे. मग विलायती गिरण्यांचं स्वस्त कापड आलं. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये परदेशी यंत्राच्या मालाने इथले कारागीर कसे बसले ते लिहिलं आहे, तो उताराही तिला दिला. तिने शेवटी एकच ओळ स्वतःची जोडली होती: आमच्या घरात मागाची आठवणसुद्धा राहिली नाही, इतकं ते पूर्ण संपलं.

मुलाखतीला मर्यादा असते. ती फार तर आजोबांच्या आजोबांपर्यंत जाते. त्यापुढे कागद लागतो. पण कागद शोधायची गरज त्या मुलीला वाटली ती आजोबा गप्प बसले म्हणून.

आमच्या गावात हे बाहेरचं जग कुठेही भेटतं हो. शारंगधर बालाजीची मूर्ती १८८८ साली सापडली, तेव्हा इंग्रज ती लंडनला नेणार होते म्हणून लोकांनी घाईघाईने प्रतिष्ठापना केली, असं इथले जुने लोक सांगतात. आणि लोणार तर अर्ध्या-पाऊण तासावर. जगच काय, आमच्याकडे अवकाशातूनही येऊन पडलेलं आहे!

असो. विनोद पुरे. आता ज्या कारणासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो.

२०२२ च्या डिसेंबरात एका मुलाने वडिलांची मुलाखत आणली. वस्तू सोयाबीन. त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. २०२१ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीनने काही बाजारांत क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला होता. सगळ्या गावात तीच चर्चा. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली, कोंबड्यांचं खाद्य महागलं म्हणून. दिवाळीच्या सुमाराला नवा माल बाजारात आला तेव्हा भाव निम्म्यावर होता. या मुलाच्या वडिलांनी ऑगस्टातल्या भावावर हिशेब बांधून बोअर मारला होता, उसनवारी करून. बोअर कोरडा गेला, भाव पडला. आणि मोठ्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण त्यांनी थांबवलं.

मुलाने शेवटी लिहिलं होतं: मला वाटत होतं की ताईला शिकायचं नव्हतं म्हणून ती घरी आली. पप्पांनी हे मला आज पहिल्यांदा सांगितलं.

मी ती मुलाखत दुसऱ्या दिवशी वर्गात मोठ्याने वाचली.

मुलाचं नाव घेतलं नाही. पण वर्गात साठ मुलं, त्यातली तिघं त्याच्या गावची. नाव घ्यायची गरज नव्हती. मी अगदी रंगून वाचत होतो, शिकागोचा बाजार, ब्राझीलचं पीक, पेंड, कोंबड्या आणि त्या टोकाला एका मुलीची नर्सिंगची फी. इतकी सुरेख साखळी मला आयुष्यात मिळाली नव्हती. वाचून मान वर केली तर तो मुलगा बाकावर खाली बघत होता. तास संपायच्या आत उठून गेला. पुढचा आठवडा आला नाही.

त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. ज्या गोष्टी त्या माणसाने दीड वर्ष स्वतःच्या मुलालाही सांगितल्या नव्हत्या, त्या मी साठ पोरांपुढे वाचल्या होत्या. माझा तास चांगला व्हावा म्हणून. गाईडमधून उतरवणाऱ्या पोरांना मी चोर म्हणत होतो, मग मी काय केलं होतं?

आठव्या दिवशी मुलगा आला, बरोबर वडील. पांढरा सदरा, खांद्यावर रुमाल. मी उभा राहिलो, खुर्ची दिली. माफीची वाक्यं तयार होती, ती बोललोही. ते ऐकून घेऊन म्हणाले, "वाचलं ते वाचलं सर. पन फाइल दाखवा."

फाइल दिली. त्यांनी बोट ठेवून ठेवून सगळी वाचली. मग एका ओळीवर थांबले. पोराने लिहिलं होतं, आम्हाला दहा हजार भाव मिळाला असता. ते म्हणाले, "हे खोटं हाये. ऑगस्टात कास्तकाराच्या घरी माल होता कुठं? आमचा त उन्हाळ्यातच गेल्ता. दहा हजार ज्याच्या गोदामात माल होता त्याले भेटले. आमी फक्त आकडा पाहिला. तेवढं दुरुस्त करा."

तीन वर्षं झाली, पण ते 'आमी फक्त आकडा पाहिला' माझ्या डोक्यातून जात नाही. मी वर्गात जी सुरेख साखळी मांडली होती तिच्यात ही कडी नव्हती. ती त्या माणसाकडे होती, आणि फाइल त्याला परत दाखवायची असते हे मला सुचलं नव्हतं.

जाताना दाराशी थांबून म्हणाले, "आन पोरीचं तेवढं काढून टाका. तिले कोनी इचारलं नाही."

मी ते पान काढून मुलाच्या हातात दिलं.

तेव्हापासून माझे नियम असे आहेत. मुलाखत लिहून झाली की आधी सांगणाऱ्याला वाचून दाखवायची. तो म्हणेल ते दुरुस्त करायचं, म्हणेल ते काढायचं. कंसात काय काढलं हे लिहायचं नाही. वर्गात काय वाचायचं ते मुलाने ठरवायचं, मी नाही. आणि मार्क सांगणाऱ्याच्या दुःखाला द्यायचे नाहीत, विचारणाऱ्याच्या प्रश्नाला द्यायचे. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. कारण मुलं हुशार असतात. सरांना रडू आलं की वीसपैकी एकोणीस मिळतात, हे त्यांना कळलं की पुढच्या वर्षी प्रत्येक फाइलमध्ये कर्ज आणि आत्महत्या येते. विदर्भातल्या माणसाकडून बाहेरच्या जगाला तेवढंच हवं असतं, हे पोरांना टीव्हीने आधीच शिकवलेलं आहे.

माझे काही सहकारी म्हणतात, हे सगळं छान, पण ऐंशी मार्कांच्या पेपरात याचा उपयोग काय? उपयोग होतो. डंकेल, जागतिक व्यापार संघटना, आयातशुल्क हे शब्द ज्याने आजोबांच्या तोंडून ऐकलेत त्याला पाठ करावे लागत नाहीत. पण उपयोग झाला नसता तरी मी हेच केलं असतं, हे त्यांना सांगत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. म्हाताऱ्या माणसांना विचारलं की ती 'जुनं ते सोनं' सुरू करतात आणि मुलं मान डोलावतात. याला माझ्याकडे एकच उपाय आहे, तो म्हणजे एका माणसावर थांबू नका. एकाच गावातल्या दोन मुलांनी जुन्या विहिरीबद्दल विचारलं होतं. एकाचे आजोबा म्हणाले, काय गोड पाणी होतं! दुसऱ्याचे आजोबा म्हणाले, पाणी वरून वाढत, आम्हाला पोहऱ्याला हात लावू देत नसत. दोन्ही फायली मी शेजारी शेजारी ठेवल्या, बोललो काहीच नाही. त्या दुसऱ्या घरातला मोठा मुलगा आज पुण्याकडे कंपनीत आहे. त्याच्या आजोबांना जुन्या काळाबद्दल विचारा, ते सोनं वगैरे म्हणणार नाहीत.

आणि आयांना विचारायला सांगा. हा माझा सगळ्यात उशिरा सुचलेला नियम. पहिली दोन वर्षं फायलींत आजी-आजोबा आणि बाप. आईची मुलाखत घ्यायला गेलं की बाप शेजारी बसून उत्तरं देतो, "तिले काय मायीत!" म्हणून आता सांगतो, आई स्वयंपाक करत असताना किंवा शेतात असताना विचारा. एका आईने निंदता निंदता सांगितलेलं असं: "ज्वारी होती तवा कडबा होता, तवा बैल होते. सोयाबीन आलं, ज्वारी गेली, कडबा गेला, बैल इकले. आता ट्रॅक्टरचे पैशे द्या अन् दुधाची थैली इकत आना. अन् फवारा मारला की निंदाले बाया लागत नाही. मंग बायाईनं काय कराव?" नव्वदच्या दशकात सोयाबीन आमच्याकडे पसरलं तेव्हापासूनचा सामाजिक बदल एवढ्या ओळींत आला आहे. मी वीस वर्षं शिकवून मला हा एवढ्या ओळींत सांगता आलेला नव्हता.

मला हे नवीन सुचलंय असा माझा दावा नाही. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या 'पारी'वर गावोगावच्या मुलांनी केलेलं असं काम वाचायला मिळतं, मराठीतही. मी तिथूनही शिकलो. पण माझं म्हणणं त्याहून लहान आहे. प्रत्येक मुलाखत छापायच्या लायकीची व्हावी असं नाही. काही तर कुणाला दाखवायच्याही नसतात. मुलाने घरात बसून एक खरा प्रश्न विचारला आणि त्याला माहीत नसलेलं उत्तर मिळालं, एवढं झालं तरी वीस मार्क वसूल.

तो सोयाबीनवाला मुलगा बारावी होऊन गेला. निकालानंतर पेढे घेऊन आला होता. म्हणाला, "सर, नंतर ताईलेबी इचारलं." मी विचारलं, काय म्हणाली? तो हसला आणि म्हणाला, "ते फायलीत नाय लिवलं." मी पुढे विचारलं नाही. पेढा खाल्ला.

शेवटी एक घरगुती. वर्गाला सांगतो सांगतो आणि स्वतः काहीच विचारलेलं नाही, हे परवा लक्षात आलं. आमच्या ठाण्याच्या मावशी हे वाचतात (भाचेसून वाचून दाखवते), तर मावशी, बहात्तर साली तू दहा-बारा वर्षांची असशील. आपल्या घरी मिलो शिजली होती का, की आजोबांनी साठवलेल्या पेवातली ज्वारी पुरली? आणि पुरली असेल तर दारात कोण मागायला येत होतं आणि त्यांना आपण काय दिलं? मतं नकोत, फक्त काय झालं ते. रविवारी दुपारी फोन करतो. लिहून झालं की आधी तुलाच वाचून दाखवीन.